सातबाऱ्यावरचं जंगल

आपल्या मंडळाचा गणपती आता शाडूचा असतो, महाप्रसाद पानांच्या पत्रावळींवर वाढला जातो, मराठी शाळेतली मुलं ओल्या-सुक्या कचऱ्याचे तक्ते रंगवतात. सगळं चांगलंच आहे. पण आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांचं मूळ रत्नागिरी जिल्ह्यात आहे, आणि तिथे आपल्या एका सहीनं जे होतं त्यापुढे या पत्रावळी अगदीच किरकोळ आहेत.

विदर्भात जंगल म्हटलं की वनखातं आठवतं. रत्नागिरीत सातबारा काढावा लागतो, कारण तिथलं बहुतेक जंगल खासगी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या आजोबांचं. उताऱ्यावर सहहिस्सेदारांची ही लांबलचक रांग: कोणी डोंबिवलीला, कोणी आपल्यासारखे परदेशात, गावात राहणारं घर एखादंच. लाकडाचा व्यापारी येतो, गावातला चुलतभाऊ फोन करतो, ‘अरे, नुसतं पडून आहे, चार पैसे येतील,’ आणि आपण मुखत्यारपत्र पाठवून मोकळे होतो. आंबा, फणस, ऐन, किंजळ, हिरडा ही झाडं तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते खरी, पण ती मागायची मालकानंच. पहिली सही आपली.

तोडीनंतर खुंटांना फुटवे येतात. गणपतीला गेलं की डोंगर हिरवागार दिसतो, आपण फोटो काढतो. पण माडगरुडाला, म्हणजे पुस्तकातल्या धनेशाला, घरट्यासाठी जुन्या बेहड्यासारख्या झाडाची ढोली लागते. मनगटाएवढ्या फुटव्यात ती कुठून येणार? आणि पाण्याचं काय? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात वाड्यांवर टँकर जातो. सारा दोष तोडीचा नाही. जांभा पाणी धरत नाही, उतारही तीव्र आहे. म्हणून तर उतारावर जे काही पाणी मुरतं ते झाडांच्या भरवशावर, आणि नेमकी तीच आपण विकतो.

सड्याचीही, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराचीही, तीच गत. बारसू, उक्षी, कशेळीची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कागदावर मात्र असा कातळ म्हणजे पोटखराबा, पिकाच्या हिशेबात शून्य. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी आडवे झाले, ते आपण इथे बसून पाहिलं. प्रकल्प हवा की नको यावर मंडळात दोन तट आहेत, ते असोत. पण त्या वादात जमीनमालकांच्या संमतीची भाषा सारखी कानावर येत होती, आणि कोकणात मालक गावातच राहत असेल असं नाही.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं कौतुक आपल्याला फार. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी ती चोरीला जात. आता गावातलेच लोक राखण करतात, कासव महोत्सवाला आलेले पाहुणे त्यांच्याच घरी उतरतात, जेवतात. राखणारा, ठरवणारा आणि चार पैसे मिळवणारा तिथे एकच आहे. आपल्या डोंगरावर ठरवणारा सात समुद्रांपलीकडे आणि टँकरची वाट पाहणारी त्याची वहिनी गावात.

यावर कोणी म्हणेल, आपण डॉलरमध्ये कमवायचं आणि गावातल्या भावाला ‘झाडं राख’ म्हणून सांगायचं, हा आगाऊपणा नाही का? आहेच. म्हणून नुसतं सांगायचं नाही, पैसे द्यायचे. तोडीतून त्याच्या वाट्याला जे आलं असतं ते आपण द्यायचं आणि आपला हिस्सा सोडायचा. इतक्या वाटण्या झाल्यावर ती रक्कम आपल्या एका विमानतिकिटाएवढीही निघणार नाही, असा माझा अंदाज आहे. संगमेश्वर तालुक्यात पुण्याची एईआरएफ ही संस्था जंगलमालकांशी न तोडण्याचे करार करत आली आहे. तेव्हा ही काही हवेतली कल्पना नाही.

मराठी शाळेच्या मोठ्या वर्गाला माझं सुचवणं इतकंच आहे: तक्ते पुरे, सातबारा दाखवणारं महाभूलेख हे सरकारी संकेतस्थळ उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनाव टाका, गट नंबर शोधा. किती हेक्टर, किती पोटखराबा, कोणाच्या नावावर, वारस नोंद कोणाची राहिली, हे मुलांनी वाचावं. मग काकाला फोन लावून विचारावं, वर झाडं कुठली, झरा कुठे, शेवटची तोड कधी झाली. (मराठी बोलण्याचा सरावही आपोआप होईल, वेगळी स्पर्धा नको.)

काही पालकांना हे आवडणार नाही. उताऱ्यावर जमिनीबरोबर जुनी भांडणंही निघतात. हक्कसोड करून घेतलेल्या आत्यांची नावं तिथे नसतील, आणि मुलं विचारतील, का नाहीत? विचारू देत. त्यातल्याच एखादीचा मुलगा आज गावात राहून वणवा विझवायला धावत असेल, तर करार करताना त्याचा वाटा आधी धरावा लागेल, उताऱ्यावर नाव असो वा नसो.