पेण-रोह्याचे शिपाई: आकडा म्हणजे स्मारक नव्हे

(१/५) ‘या गावातून इतके पुरुष १९१४–१९च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण अर्पिले.’ अशा मजकुराचे इंग्रज अमदानीतील शिलालेख महाराष्ट्रात अनेक गावांत आहेत. त्यांवर संख्या आहे, नाव नाही.

(२/५) पेण आणि रोहा हे तालुके तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. कोकण म्हणजे मराठा पलटणींच्या भरतीची जुनी भूमी. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अर्धपोटी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले. पुढे कैदेत हजारो शिपाई मेले.

(३/५) त्या आघाडीवर पडलेल्यांसाठी बसऱ्यास १९२९ मध्ये स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले. हिंदी शिपायाची मात्र पलटणवार संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

(४/५) ‘ते साम्राज्यासाठी मेले, आपण का स्मरावे?’ हा युक्तिवाद देशाभिमानाचा वाटतो. परंतु त्याचे फळ साम्राज्याने दिले तेच: शिपाई अनामिक राहतो. युद्ध परक्यांचे होते. सुतक मात्र इथल्या घरांत पाळले गेले.

(५/५) नावे हरवलेलीही नाहीत. आयोगाच्या खुल्या नोंदींत अनेक हिंदी शिपायांपुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा लिहिलेला आहे. पेण व रोहा तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी आपापल्या गावाची नावे त्यांतून वेचावीत व दगडावर कोरावीत. माफी आयोगाने मागितली. हे काम आपले आहे.