परेड झाली, विमान कधी?

एनसीसीत दाखल झालेल्या मुलीला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी शिकाव्या लागतात. बुटाला पॉलिश कसं करायचं आणि अंबाडा कसा बांधायचा. केस जाळीत, पिना आत, एक बट बाहेर दिसता कामा नये. वर्षभरात हा अंबाडा पहाटे पाच वाजता आरशात न बघता बांधण्याइतका हात बसतो. मग एके दिवशी तिला एअर विंगच्या मायक्रोलाइट विमानात बसवतात आणि पहिली अडचण येते ती त्या अंबाड्याचीच. डोकं मागे टेकत नाही, हेडसेटचा पट्टा वर सरकतो. शेजारी वैमानिक खोळंबलेला आणि ही घाईघाईनं पिना काढून केस खाली मानेवर बांधतेय. शिस्तीचा सगळा बेत परेडच्या मैदानाच्या मापानं झालेला आहे, हे तिला कॉकपिटमध्ये बसल्यावर कळतं.

गोष्ट किरकोळ आहे, पण एअर विंगचं दुखणं नेमकं तेच आहे. आकाशी-निळ्या गणवेशातल्या मुलींना कदमताल भरपूर मिळतो, आकाश मात्र चिमूटभर.

एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, १९४८ च्या कायद्यानं उभी राहिली. त्याआधी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीनं तिचा आराखडा मांडला होता. लगेच १९४९ मध्ये मुलींची डिव्हिजन निघाली आणि १ एप्रिल १९५० रोजी एअर विंग. तिची पहिली दोन स्क्वाड्रन मुंबई आणि कलकत्त्याला होती. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी कॉलेजातल्या मुलांना सक्तीची झाली, पण सक्तीचे सैनिक कसे असतात ते पाचेक वर्षांत दिसलं आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली गेली. आजही तशीच आहे. मुलगी स्वतःहून अर्ज करते, धावून दाखवते, मुलाखत देते आणि निवड झाली तर गणवेश मिळवते. अशा स्वखुशीनं आलेल्या मुलींची संख्या वाढतेच आहे. २०२५ च्या प्रजासत्ताक दिन शिबिरात, कॅडेटांच्या भाषेत ‘आरडी’त, २,३६१ कॅडेट होते आणि त्यांत ९१७ मुली. तोवरचा तो उच्चांक होता.

दुसऱ्या टोकाला हवाई दलाचे दरवाजे हळूहळू, कुरकुरत का होईना, उघडले. एअर विंग चव्वेचाळीस वर्षांची झाल्यावर, २ सप्टेंबर १९९४ रोजी, बावीस वर्षांच्या हरिता कौर देओलनं हवाई दलाचं विमान एकटीनं उडवलं. लढाऊ विमानांसाठी आणखी बावीस वर्षं थांबावं लागलं. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी त्या शाखेत रुजू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या एनडीएतही मुली आल्या आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या. मुलींना घ्यायचं की नाही, हा वाद आता संपला. प्रश्न आहे तो तिथपर्यंत पोचायच्या वाटेचा. एनसीसी ही त्या वाटेवरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दूरवर पसरलेली पायवाट आहे.

शिवांगी सिंगचं उदाहरण घ्या. वाराणसीची मुलगी. लहानपणी आजोबांसोबत दिल्लीचं हवाई दलाचं संग्रहालय पाहिलं आणि विमानाचं वेड लागलं. पण संग्रहालय पाहून आलेली हजारो मुलं शाळेत परतून विसरून जातात. हिला पुढं बनारस हिंदू विद्यापीठात एनसीसीचं एअर स्क्वाड्रन भेटलं, म्हणजे वेडाला पत्ता मिळाला. २०१७ मध्ये ती हवाई दलात आली, मिग-२१ उडवलं आणि पुढं राफेल उडवणारी देशातली पहिली महिला वैमानिक झाली. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तिला पाकिस्ताननं पकडल्याची अफवा उठवली गेली. काही महिन्यांनी अंबाल्याच्या तळावर राष्ट्रपतींशेजारी हसत उभी असलेली तिची छायाचित्रं छापून आली. नागपूरच्या अंतरा मेहता महाराष्ट्रातून लढाऊ विमानांसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या. त्याही आधी आपल्याकडच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानावर संपूर्ण महिला चमूचं नेतृत्व केलं होतं. म्हणजे नावं आहेत. देशातल्या व्यावसायिक वैमानिकांत महिलांचं प्रमाण सुमारे १५ टक्के, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक, हेही अभिमानानं सांगितलं जातं.

त्या १५ टक्क्यांत घरची ऐपत किती, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या पुढं जातो. गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर अशा ठिकाणी महाराष्ट्रात वैमानिक तयार होतात, पण बारामतीच्या धावपट्टीला लागून असलेल्या गावातल्या मुलीला ते विमान रोज डोक्यावर दिसतं आणि तेवढंच. शेत विकून लेकीला पायलट करणारे बाप वर्तमानपत्रात बातमी होऊन येतात, कारण ते अपवाद असतात. अंगणवाडी सेविकेची किंवा रिक्षावाल्याची मुलगी एक पैसा न भरता विमानाच्या स्टिकला हात लावू शकेल, अशी जागा या देशात जवळजवळ एकच. एनसीसीची एअर विंग.

तिथलं विमान म्हणजे स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू-८०. नाव ऐकून कोविडनंतर कुणालाही हसू यावं. शेजारी-शेजारी दोन सीटा, वर पंख, पुढं ८० अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे साधारण एखाद्या छोट्या मोटारीइतकं. हवाई दल, नौदल आणि एनसीसी यांच्यासाठी मिळून अशा १९४ विमानांची मागणी २०१५ मध्ये नोंदवली गेली आणि त्यांतली ११० एनसीसीच्या वाट्याची होती.

उड्डाणाआधी विमानाभोवती एक फेरी मारायची असते. ‘रिमूव्ह बिफोर फ्लाइट’ लिहिलेल्या लाल फिती काढायच्या, पंखामागची झडप हातानं वरखाली करून बघायची, टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढून उजेडात धरायचं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर उड्डाण नाही. बारावीपर्यंत ‘पाण्याची घनता पेट्रोलपेक्षा जास्त’ हे वाक्य तिनं चार वेळा तरी लिहिलेलं असतं. इथं ते तिच्या हातातल्या भांड्यात असतं आणि त्यावर दोन जीव अवलंबून असतात. मग वर गेल्यावर, शेतांचे चौकोन आणि विहिरींची भोकं खाली स्थिर झाल्यावर, वैमानिक म्हणतो, ‘यू हॅव कंट्रोल्स.’ पहिल्यांदा प्रत्येक जण स्टिक सायकलच्या हँडलसारखी आवळून धरतो. दोन बोटांनी धरायची असते. दोन बोटांनी विमान वळतं, ही गोष्ट सांगून पटत नाही.

हे सारं वीसेक मिनिटांचं. ती वीस मिनिटं कुणाला मिळतात, इथंच खरी गोम आहे.

एअर विंगमधल्या कॅडेटला उड्डाण मिळतं ते हवामान, वैमानिक, विमानाची दुरुस्ती आणि धावपट्टीची परवानगी यांचे ग्रह जुळले तर. पुण्यात लोहगावच्या एकाच धावपट्टीवर हवाई दल आणि प्रवासी विमानं दोघांचीही गर्दी. छोट्या मायक्रोलाइटला तिथं कोण पुढं सोडणार? त्यात कॅलेंडरही वैरी. प्रवेश जून-जुलैत होतात, तेव्हा पाऊस. पाऊस सरून हवा स्वच्छ होते ती ऑक्टोबरात आणि नेमकी तेव्हाच आरडीच्या निवडीची शिबिरं एकामागून एक सुरू होतात. स्क्वाड्रनचं सगळं लक्ष कर्तव्यपथावर. फेब्रुवारी संपला की परीक्षा. ‘आरडी केलेली’ मुलगी कॉलेजच्या फलकावर झळकते, प्राचार्य तिच्यासोबत फोटो काढतात. विमान उडवलेल्या मुलीचा फलक सहसा कुठं दिसत नाही. अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरासाठी निवडलेल्या मोजक्या कॅडेटांचा उड्डाणाचा सराव जोरात होतो, कारण तिथं त्याची स्पर्धा असते, गुण असतात, ट्रॉफी असते. म्हणजे उड्डाण हे पदकाचं साधन झालं. बाकीच्यांसाठी ते नशिबाची गोष्ट.

हे टाळता येणार नाही असं नाही. साधा हिशेब करून बघा. एका विमानात एका वेळी एकच कॅडेट. चढउतार आणि तपासणी धरून तासाला दोघी. ऊन चढून हवेला धक्के बसू लागेपर्यंत सकाळचे चार तास मिळाले तर आठ जणी. शंभर कॅडेटांना प्रत्येकी एक उड्डाण द्यायला एका विमानाच्या तेरा सकाळी पुरतात. कॉलेजातल्या तीन वर्षांत तेरा सकाळी! प्रत्येकीला तीन उड्डाणं द्यायची म्हटली तरी चाळीस.

अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोल नावाची अशीच गणवेशधारी स्वयंसेवी संघटना १ डिसेंबर १९४१ पासून आहे. तिथल्या अठरा वर्षांखालच्या कॅडेटसाठी इंजिनाच्या विमानातली पाच आणि ग्लायडरमधली पाच ओळख-उड्डाणं ठरवून दिलेली आहेत. प्रत्येक उड्डाणात काय शिकवायचं याचाही अभ्यासक्रम आहे. त्यांच्याकडे पैसा आहे, विमानं आहेत, हे मान्य. पण ‘प्रत्येकाला इतकी’ असं आधी ठरवायला पैसा लागत नाही. ठरवलं की कमी किती पडतात ते दिसतं, आणि तेच इथं कुणाला दाखवायचं नसावं.

दुसरी गोष्ट उड्डाणापेक्षाही साधी आहे आणि तिच्यात जास्त मुली गळतात. एअर विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट असलं की हवाई दलाच्या वैमानिक शाखेसाठी एनसीसी स्पेशल एंट्री मिळते. लेखी परीक्षा नाही, थेट निवड मंडळापुढं. अफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेच्या जागांपैकी १० टक्के यासाठी राखलेल्या असतात. मात्र बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. ही अट कला शाखेतल्या मुलीला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, सर्टिफिकेट हातात आल्यावर कळते. तीन वर्षं पहाटे उठली, कवायत केली, एरोमॉडेलिंगसाठी बाल्साच्या पट्ट्या घासल्या, आणि दार बंद झालं होतं ते दहावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरताना. उंचीची किमान अट १६२.५ सेंटिमीटरची आहे, तीही बहुतेकींना सर्टिफिकेट हातात आल्यावरच कळते. एनसीसीची ज्युनिअर विंग आठवी-नववीत असते. तिथं एका तासात हे सगळं फळ्यावर लिहून देता येईल, शिवाय उंची कमी पडणाऱ्या मुलीला हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान, अभियांत्रिकी या शाखांची नावंही. वैमानिक निवडीची यंत्रचाचणी आयुष्यात एकदाच देता येते, हेही आधी माहीत असलेलं बरं.

भीतीचं काय? फेब्रुवारी २०२० मध्ये पतियाळात एनसीसीचं असंच एक मायक्रोलाइट कोसळलं, वैमानिक अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि सोबतचा कॅडेट जखमी झाला. अशी बातमी घरी पोचली की मुलीच्या संमतीपत्रावर सही व्हायला वेळ लागतो. मुलाच्याही लागतो, पण कमी. ‘विमानात बसायचं तर बस की, चालवायला कशाला पाहिजे?’ हे वाक्य आयांच्या तोंडून फार मायेनं येतं. त्यावर सुरक्षेच्या भाषणापेक्षा त्या आईला एखाद्या रविवारी धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसवणं जास्त उपयोगी पडेल. ते इंधनाचं भांडं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. घरात रॉकेलमध्ये पाणी मिसळलेलं ओळखणाऱ्या बायका ते लगेच समजतील.

आणि ‘सी’ सर्टिफिकेटवर सध्या श्रेणी छापलेली असते, ए, बी किंवा सी. एअर विंगच्या मुलींसाठी तिच्याखाली आणखी एक ओळ छापावी: उड्डाणं, इतकी. पहिल्या वर्षी तो आकडा लिहिताना काही स्क्वाड्रनांच्या कार्यालयात पेन बराच वेळ हवेत राहील.