गाडीच्या मागून ‘खट्’ वाजतंय?

परळच्या एका भगिनीने विचारले आहे : “गणपतीला गावी जाऊन आल्यापासून आमच्या गाडीच्या मागच्या बाजूने खट् खट् आवाज येतो. हे म्हणतात, काही नाही, रस्ताच तसा आहे. गॅरेजवाला म्हणतो, मागचं सगळंच बदलावं लागेल. खरं कुणाचं मानायचं?”

मैत्रिणींनो, इतक्यात दोघांचंही मानू नका. मागचा आवाज गाडी चालवणाऱ्याला नीट ऐकूच येत नाही. त्याच्यापुढे इंजिन, बाहेर हॉर्न. तो ऐकू येतो मागच्या सीटवर मुलांना घेऊन बसणारीला. म्हणून हा तपास आपल्याकडेच यावा. तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल, तर एक दिवस स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या आणि मागे बसा.

शाळेत मागच्या बाकावरून आवाज आला की “कोण रे तो?” असं विचारून कधी उत्तर मिळत नाही. आवाज नेमका केव्हा होतो यावर लक्ष ठेवलं, की मुलगा आपोआप सापडतो. गाडीचंही तसंच आहे.

आधी डिकी रिकामी करा. जॅक, पाना, पाण्याचा कॅन, छत्र्या, गावाहून आलेली नारळाची पिशवी, सगळं बाहेर काढा. स्टेपनी हाताने हलवून पाहा. तिचा मधला स्क्रू सैल असेल तर प्रत्येक खड्ड्यात ती आपटते. मागच्या सीटची पाठ नीट अडकली आहे ना, पट्ट्याचं बक्कल दाराच्या पत्र्यावर वाजत नाही ना, हेही पाहा. एवढं करून एक फेरी मारा. पुष्कळदा आवाज इथेच थांबतो आणि एक पैसाही खर्च होत नाही.

गाडी सीएनजीवर असेल तर डिकीतल्या सिलिंडरकडे जरूर लक्ष द्या. त्याला धरणाऱ्या पट्ट्या किंवा बोल्ट सैल झाले की तो जड ठोका देतो. मात्र तिथे घरचा पाना लावायचा नाही. ते काम अधिकृत सीएनजी केंद्राचंच. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करावी लागते. तिची तारीखही त्याच वेळी पाहून घ्या.

मग मागच्या चाकांची रचना समजून घ्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी आठवते ना? ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्या मागे लोखंडी पाटे होते आणि इंजिनचा जोर लांब शाफ्टने मागच्या चाकांना जाई. त्यामुळे गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना ‘ठक्’ वाजलं, की जाणता मेकॅनिक शाफ्टचा क्रॉस तपासायचा. बोलेरोसारख्या गाडीत आजही हीच रचना आहे. पण आपल्या नेहमीच्या छोट्या गाड्यांत इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जातो. मागचा ॲक्सल फक्त वजन पेलतो. तो गाडीला रबरी बुशांनी जोडलेला असतो, आणि प्रत्येक बाजूला एक स्प्रिंग नि एक शॉकअप असतो. तेव्हा खोट शोधायची ती एवढ्या चार-पाच वस्तूंत.

आता कान द्या. रविवारी सकाळी, रहदारी नसताना, हिंदू कॉलनीसारख्या शांत भागात सावकाश फेरी मारा. रेडिओ बंद, काच थोडी खाली. वही जवळ ठेवा.

पेव्हर ब्लॉकवरून जाताना बारीक, भराभर ‘खट-खट’ : शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा त्याचा बुश सैल असण्याचा संभव जास्त.

ब्रेक लावताना किंवा वेग घेताना एकदाच ‘थड्’ : ॲक्सलचे बुश झिजले असतील.

गाडी भरलेली असताना स्पीडब्रेकरवर ‘धाडकन्’, आणि रिकामी असताना काही नाही : ओझं जास्त होतं किंवा स्प्रिंग बसली आहे. पाच माणसं, सामान आणि वर मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे, म्हणजे बिचारीने किती सोसायचं!

वेगाबरोबर वाढत जाणारी ‘घूंऽऽ’ : ही बेअरिंगची किंवा टायरची तक्रार. शॉकअप बदलून ती जाणार नाही.

पावसात आठवडाभर उभी असलेली गाडी काढताना पहिल्यांदाच ‘थाड्’, मग शांत : हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे लायनर ड्रमला चिकटतात. गिरगावच्या वाडीत रविवारपुरती गाडी काढणाऱ्यांनी ती सपाट जागी, गिअरमध्ये आणि चाकाला दगड लावून ठेवावी.

दोन घरगुती परीक्षा. गाडी सपाट जागी उभी करून मागचा एक कोपरा जोराने खाली दाबा आणि सोडा. वर येऊन ती लगेच स्थिर झाली पाहिजे. डुलत राहिली तर शॉकअप थकला. त्याच्यावर तेल ओघळलेलं दिसलं तर शंकाच नको. दुसरी परीक्षा शिवणाच्या टेपची. रिकाम्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप दोन्ही बाजूंना घ्या. एक बाजू ठळकपणे खाली असेल, तर त्या बाजूची स्प्रिंग तुटलेली असू शकते. समुद्राची खारी हवा आणि हिंदमात्यासारख्या ठिकाणी साचणारं पाणी यांनी लोखंड गंजतं आणि मग एका खड्ड्यात तुकडा पडतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही डोकावायचं नाही. मुलांनी तर नाहीच.

हे झालं तर गाडी पुढे नेऊ नका : चाकाच्या फिरण्याबरोबर ‘टक्-टक्’ वाजतंय आणि गाडीचा वेग कमी केला की तेही मंदावतंय. टायरमध्ये खडा अडकला असेल तर काढून टाका. तो नसेल तर चाकाचे नट सैल असू शकतात. विशेषतः नुकतंच पंक्चर काढलेलं असेल तर. तिथेच थांबून नट आवळून घ्या. तसंच गाडी एका बाजूला झुकली असेल किंवा मागून झोल खात असेल, तर मुलांना टॅक्सीने घरी आणा आणि मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा. “गॅरेजपर्यंत तर जाऊ” हा हट्ट नको.

गॅरेजमध्ये काय बोलावं? “आवाज येतो” एवढंच सांगितलं, की ‘सगळं बदला’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी वहीतलं वाचून दाखवा : “डाव्या बाजूने, ब्लॉकवरून जाताना, ब्रेक लावताना नाही.” मेकॅनिकला मागे बसवून एक फेरी मारायला सांगा. गाडी रॅम्पवर चढली की सैल भाग त्याने हाताने हलवून तुम्हाला दाखवावा, हे मागायला संकोच करू नका. शॉकअप बदलायचेच झाले तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला; एक नवा नि एक जुना असला की गाडी दोन्ही बाजूंना सारखी बसत नाही. पण बुश खराब असेल तर बुशाचंच काम करा. काढलेले जुने भाग परत मागून घ्या आणि बिलावर भागाचं नाव लिहून घ्या.

परळच्या भगिनींना एवढंच सांगते : गावाहून आल्यावर डिकी पूर्ण रिकामी केली होती का, ते आधी पाहा. नंतर टेप घ्या. आणि ‘रस्ताच तसा आहे’ असं ह्यांनी पुन्हा म्हटलं, तर त्यांना एकदा मागच्या सीटवर बसवा.