हात थरथरतो, मग कॅमेरा कुठला?

नातू म्हणतो, "आजोबा, कॅननचा आर५० घ्या." २०२३ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम. पण सेन्सर स्थिर ठेवायची सोय बॉडीत नाही, लेन्सवरच भिस्त. फोटोला चालेल हो! मला मात्र थोरल्या अक्काच्या जात्यावरच्या ओव्या व्हिडिओत धरायच्यात, आणि हात थरथरतो. डिजिटल स्थिरीकरण लावावं तर चौकट कडेने कापली जाते, जातंच बाहेर!

सोनीच्या ए६७०० मध्ये ती सोय आहे, पण किंमत फार. माझं मत आर५०लाच. उरलेल्या पैशांत तिपाई आणि चांगला माइक. माइकची खाच आहे त्याला. ओव्या शेवटी ऐकायच्याच ना?

दुकानदार म्हणतो, दिवाळीत सूट मिळेल. अक्का नव्वदीची आहे. मी उद्याच जातोय.