पोर जर्मनीला निघाले, सोबत काय द्यावे?



गेल्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. तिचा थोरला शिकायला जर्मनीला निघाला आहे. घरच्या म्हशीचे तूप कढवून डबा भरून ठेवला आहे. ‘भाऊ, आणखी काय बांधून देऊ? तिथे त्याच्या पोटाचे कसे होईल?’ असे ती विचारते. हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आहे, म्हणून उत्तर सगळ्यांनाच देतो.

बाई, आधी तो तुपाचा डबा घरातच ठेवा. आपल्याकडून जाणाऱ्या प्रवाशाला दूध, तूप, पेढे, मांस यांतले काही तिकडे नेता येत नाही. आंबे, कढीपत्ता न्यायचा तर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. सापडले तर माल जप्त होतो. यात राग मानण्याजोगे काही नाही. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ म्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत निघाला. त्या देशात तो १९८८ नंतर प्रथमच दिसला होता. हा रोग गोठ्यात शिरला म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग द्यावे काय? कोरडा काळा मसाला, मेतकूट, हळद, एक लहान कुकर आणि पोळीचा तवा. आणि निघण्याआधी महिनाभर मुलाला चुलीपाशी उभे करा. वरण-भात, पिठले आणि पोळी एवढे आले तरी तो उपाशी राहणार नाही.

तूप तो तिथेच कढवील. बिनमिठाच्या लोण्याची पाव किलोची वडी प्रत्येक दुकानात मिळते. ‘क्वार्क’ नावाचा पदार्थ आपल्या चक्क्याच्या जवळचा. साखर-वेलची घोटली की श्रीखंड झाले. ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे आपली मसुरीची डाळ. भेंडी, कोथिंबिरीची जुडी, हरभरे तुर्की लोकांच्या दुकानात पाहावे. नळाचे पाणी खुशाल प्यावे, विकतचे कशाला? बाटली घेतलीच तर फेकू नये. बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, रिकामी परत केली की मिळते. दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत विद्यार्थ्याला स्वस्तात गरम जेवण मिळते. शाकाहारी असेल त्याने ‘श्पेक’ हा शब्द पाठ करावा. ते डुकराचे मांस, बटाट्यात आणि मसुरीच्या आमटीतही घालतात.

आता फिरण्याचे. माझा भाचा २०२४ च्या सप्टेंबरात गेला. पहिल्याच शनिवारी त्याने गाडीचे तिकीट काढले आणि खिशात घालून बसला. स्टेशनावर ना फाटक, ना कोणी अडवणारा. तिसऱ्या स्टेशनावर साध्या कपड्यांतला माणूस शेजारी उभा राहिला आणि तपासनिसाचे ओळखपत्र दाखवले. तिकीट होते, पण फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा राहिला होता. दंड ६० युरो, म्हणजे आपले सहा हजारांच्या घरात! पोराने खूप सांगितले, पण उपयोग झाला नाही. नियम तिथे लिहिलेला होता, यानेच वाचला नव्हता.

तेव्हा मुलाला सांगा, शिक्का लागतो का ते आधी विचार. पुष्कळ विद्यापीठांच्या फीमध्येच प्रवासाचे तिकीट असते, त्याची चौकशी पहिल्या दिवशी कर. नसेल तर सगळ्या देशात चालणारे महिन्याचे तिकीट आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झाले, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. बस, ट्राम आणि जवळपासच्या गाड्यांना ते चालते, लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना नाही. बंद करायचे तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावे, नाही तर पुढचेही पैसे कापले जातात.

दंड भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. भाचा पीठ-मीठ आणायला निघाला, तर सारी बाजारपेठ बंद. तिकडे रविवारी दुकाने उघडत नाहीत. मोठ्या स्टेशनावरची काही आणि सकाळी थोडा वेळ पाववाल्याचे, एवढाच आधार. तो दिवस त्याने पावावर काढला. फोनवर आईला मात्र ‘जेवलो’ म्हणाला. आता तो शनिवारीच पिशवी भरून ठेवतो.

शेवटी त्याला आवडलेली गोष्ट सांगतो. तिथे आठवडी बाजार भरतो, शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात. एप्रिलपासून पांढरा शतावरीचा कोंब येतो, लोक त्याची वाट पाहतात. पण २४ जूनला काढणी थांबवतात, कारण पुढच्या साली पीक यायचे तर झाडाने बळ धरले पाहिजे. आणि खेड्यात रस्त्याकडेला भोपळे मांडलेले असतात, शेजारी पैशाची पेटी, माणूस कोणी नाही. घ्यावा भोपळा, टाकावे पैसे.

ज्या देशात स्टेशनाला फाटक नाही, तिथेच भोपळ्याला राखणदार नाही. तुमच्यावर विश्वास ठेवतात, आणि तो मोडला तर गय करत नाहीत. आपल्या शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला जड नाही. तेव्हा बाई, तूप घरी ठेवा आणि एवढे शहाणपण मात्र सोबत बांधून द्या. आणि रविवारी फोन आला तर, जेवलास का, असे दोनदा विचारा.