डोंगराचे देणे कोण फेडणार?

मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून १९१५ साली खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी सह्याद्रीच्या उभ्या कड्यावरून खाली आणावयाचे आणि त्या जोरावर जनित्रे फिरवावयाची, अशी ही योजना. वीज मुंबईला गेली. खाली उतरलेल्या पाण्यावर पाताळगंगा वाहती राहिली आणि राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात पिकू लागले. आज इर्शाळगडाच्या परिसरातील मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागविते. सारांश, कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचे डोंगर शतकाहून अधिक काळ महानगराची चाकरी करीत आले आहेत.

या चाकरीची नोंद विकासाच्या जमाखर्चात कोठेही होत नाही, हेच आजच्या दुखण्याचे मूळ होय. ज्या वस्तूला किंमत नाही ती फुकट समजली जाते, आणि फुकटची वस्तू उधळली जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून शहरातील पैशाला या भागाची वाट अधिकच सोपी झाली. शेतघरे आली, गृहसंकुले आली. कोठे उतार कापला जातो, कोठे ओहोळात भराव पडतो. जमीन विकणाऱ्याच्या हाती एकदाच पैसा येतो. घेणाऱ्यास चढत्या भावाचा लाभ वर्षानुवर्षे होतो. आणि बुजलेल्या ओहोळामुळे खालच्या वाडीची विहीर आटली, तर तो भुर्दंड मात्र या व्यवहाराशी काडीचाही संबंध नसलेल्या वाडीने सोसावयाचा. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत आर्थर पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात मांडली. शंभर वर्षे उलटली, तरी बिनशेती परवानगीच्या कागदावर तिला अद्याप जागा मिळालेली नाही.

हा खर्च तालुक्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पूर पावसाने येतो हे खरे. परंतु पाणी किती वेगाने खाली धावेल, हे वरच्या उतारावर झाडी आहे की काँक्रीट, यावर बऱ्याच अंशी ठरते. म्हणजे कर्जतचा डोंगर उघडा पडला, तर त्याची किंमत बदलापूर-कल्याणनेही मोजावयाची आहे.

इर्शाळवाडीची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील या ठाकर वस्तीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. ही दुर्घटना बांधकामांमुळे घडली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तेथवर धड गाडीरस्ताही पोहोचला नव्हता. पण दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते, हे सरकारनेच सांगितले. जो डोंगर शहराच्या जलाशयावर उभा आहे, त्याच्या कुशीत कोण राहते आणि तो उतार कितपत भक्कम आहे, हे नियोजनाच्या नकाशाला ठाऊक नव्हते. धरणाचे पाणी मोजले जात होते. डोंगर मोजला गेला नव्हता.

यावर ‘मग स्थानिकांनी विकास करूच नये काय?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व त्याभोवतीचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्यात या दोन्ही तालुक्यांतील भाग आला. उद्देश योग्य होता. परंतु गावकऱ्याला त्यातून दिसला तो केवळ मज्जाव. समग्र पश्चिम घाटाची कथा याहून निराळी नाही. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ मध्ये. त्यानंतर २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे मसुदेच सहा निघाले. बंदीचा भार गावावर आणि लाभ शहराला, अशी वाटणी असेल तेथे विरोध होणारच. त्याला अज्ञान म्हणून हिणविणे हा शहरी अहंकार झाला.

यावरचा उपाय व्यवहारी आहे. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली कॅट्स्किल पर्वतातील गावांशी करार केला. महागडे गाळण केंद्र उभारण्यापेक्षा पाणलोटाचे रक्षण करण्यासाठी त्या गावांवर पैसा खर्च करणे स्वस्त पडते, हा त्यामागील रोकडा हिशेब होता. मोरब्याच्या पाण्याच्या दरातील लहानसा हिस्सा पाणलोटातील ग्रामपंचायतींना नियमित मिळाला, तर झाडी राखणे हा त्यांच्यासाठी त्याग न राहता उत्पन्नाचा मार्ग होईल. मात्र हे दान नव्हे, सेवेचे मोल होय, एवढी जाणीव शहराने ठेवावयास हवी.

पैशाबरोबर अधिकारही द्यावा लागेल. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याचे संरक्षण येथील ठाकर-कातकरी वाड्यांना नाही. तथापि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. तो कागदावरून जमिनीवर उतरविण्यास कोणाची हरकत असावी? त्याचबरोबर आराखड्याचा क्रमही बदलला पाहिजे. आधी उतार, ओहोळ, झरे आणि वस्त्या नकाशावर याव्यात. रस्ते व वसाहती त्यानंतर. आज नेमके उलटे घडते.

डोंगर आपले बिल पाठवीत नाही, म्हणून देणे नाही, असा समज शहराने करून घेतला आहे. ते देणे थकत जाते आणि एखाद्या आषाढी-श्रावणी रात्री, ज्यांनी काहीच उसने घेतलेले नसते, अशांकडून वसूल होते.