ढेपेतला स्फुरद कोणाच्या पोटात?



लालबाग-परळच्या गिरण्यांना आपल्या कापसाने पिढ्यान्‌पिढ्या काम दिले. रुई मुंबईला गेली, सरकी जिनिंगवर राहिली. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले. आता त्याच मुंबईच्या बाजारात आंध्रच्या तळ्यांतले रोहू-कटला येतात, आणि अशा माशांच्या खाद्यात सरकीची ढेपही असते. कापसाचा मुंबईशी संबंध सुटलेला नाही. हिशेब तेवढा कोणी सांगत नाही, तो मांडू.

100 किलो ढेपेत सुमारे 1 किलो स्फुरद असतो. 10 क्विंटलमध्ये 10 किलो. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत शुद्ध स्फुरद साधारण तेवढाच. म्हणजे 10 क्विंटल ढेप गावाबाहेर गेली की डीएपीची एक गोणी गेली.

पण तो माशाला तरी लागतो का? सरकी असो की ज्वारी, दाण्यातला सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेटच्या कुलुपात बंद असतो. ते उघडणारे विकर माशाच्या पोटात जवळजवळ नसते. रोहू-कटल्याला तर जठरच नाही. स्फुरद आला तसा बाहेर पडतो आणि तळ्यात शेवाळ माजवतो. मग खाद्यवाला वरून फॉस्फेटची भुकटी घालतो. तो खर्च ढेपेच्या भावातून कापला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बैलाचे तसे नाही. त्याच्या पोटातले जिवाणू हे कुलूप उघडतात. उरलेला स्फुरद शेणातून शिवारात परत येतो.

बाजारातही किल्ली आहे. फायटेज हे विकर 1991 पासून युरोपात पशुखाद्यासाठी विकले जाते. जास्त उष्णतेने ते निकामी होते आणि बिनजठराच्या माशात कमी चालते. म्हणून ढेप आधीच त्यात भिजवून घेणे बरे.

आमचे म्हणणे तीन गोष्टींचे. ढेप आधी घरच्या दावणीला, उरली तर बाजारात. मत्स्यखाद्याच्या पोत्यावर नुसता एकूण नव्हे, माशाला लागणारा स्फुरद छापावा. आणि फायटेजची प्रक्रिया सरकी पिकते त्या तालुक्यात, शेतकऱ्यांच्या मालकीच्या तेलघाणीवर व्हावी. कच्चा माल विकून पक्का माल विकत घेण्याचा धंदा आपण पुष्कळ केला.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या हंगामात किती सरकी गेली आणि किती डीएपी आले, हे दोन आकडे प्रत्येकाने लिहून आणावेत. चर्चा तिथूनच सुरू करू.